करंट हलता काय?

जळालेला डायोड आमच्या लॅबमध्ये कोणी टाकून देत नाही. खिडकीत लोणच्याची एक रिकामी बरणी आहे, तिच्यात जातो तो. मुगाएवढा जीव, खाली तीन पाय, वर काचेचा इवलासा डोळा. आजमितीला अकरा आहेत. कोणी पाहुणा येतो, बरणी खुळखुळवून "हे काय?" विचारतो, आणि मग त्याचा चहा गार होतो. एका डायोडचा किस्सा सांगितला की दुसऱ्याचा सांगावाच लागतो. बरणी भरत चालली आहे आणि प्रॅक्टिकल रोज पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतं.

लॅब म्हणजे आम्ही तिघं. कुडाळहून मालवणला येताना डाव्या हाताला एक छोटं कॉलेज लागतं, त्याच्या मागच्या इमारतीत आमचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग. मी शिकवते. सावंत सर विभागप्रमुख. आणि लॅब असिस्टंट बस्त्याव, देवबागचा.

सरांबद्दल आधीच सांगून ठेवते. सर कॉलेजात शुद्ध पुस्तकी मराठी बोलतात. "कृपया", "तथापि", "आपण पाहूया" वगैरे. पण काही जळालं की सर मालवणीत येतात. कॉरिडॉरमधून जाताना आतून सरांचं मालवणी ऐकू आलं, तर मी आधी मेन स्विच बंद करते, मग दार उघडते.

* * *

हे सगळं सुरू झालं बस्त्यावच्या वडिलांपासून.

पास्कू मेस्त्री. पन्नास वर्षं बोटी बांधतायत. लाकडाला अंगठ्याचं नख लावून सांगतात, ओलं आहे की सुकं. बोट तयार झाली की तिच्या अंगावर एक आडवी रेघ मारायची असते. बोट पाण्यात उतरली की पाणी त्या रेघेपर्यंत यायला हवं. रेघेच्या वर एक रंग, खाली दुसरा. मेस्त्री ती रेघ पाणी भरलेल्या नळीने मारायचे. नळीच्या दोन टोकांना पाणी एका पातळीत उभं राहतं, तिथे खुणा करत जायचं.

मग डोळ्यांत मोतीबिंदू आला. एकाचं ऑपरेशन झालं, ते काही मनासारखं जमलं नाही. दुसऱ्याचं पावसाळ्यानंतर करायचं ठरलं. नळीतलं पाणी दिसेना. गेल्या वर्षीच्या बोटीला मालकाने परस्पर पेंटर बोलावला. त्याने चिकटपट्टी लावून रेघ मारली ती तिरकी. बोट पाण्यात अगदी सरळ, पण रेघेमुळे बघणाऱ्याला वाटायचं की एका अंगाला कलली आहे. जेटीवर लोक म्हणायचे, "मेस्त्रीची बोट वायच लवली मा?" मेस्त्री त्या दिवसापासून जेटीवर जायचेच बंद झाले. रोज संध्याकाळी जाणारा माणूस.

या वर्षी नानांची बोट. नाना त्यांच्या वाडीतलेच, जुने गिऱ्हाईक. ही आपली शेवटची, असं मेस्त्रींनी जाहीर केलेलं. नाना भला माणूस, पण स्पष्ट बोलणारा. म्हणाले, "मेस्त्रीनू, बोट तुमची, तेच्यात वाद नाय. पण रेघ पेंटर मारतलो."

बस्त्यावने हे आम्हाला सांगितलं तेव्हा तो आमच्याकडे बघत नव्हता, ऑसिलोस्कोपची काच पुसत होता. "फरशीवाले लेझर लावून भिंतीर लाल लायन पाडतत, तसो एक करूया. पप्पांनी सोताच्या हातान रेघ मारूक व्हयी. बाकी माका काय्येक नको."

मला त्या दिवशी त्याच्याबद्दल फार माया वाटली. पुढच्या आठवड्यात त्याने माझे तीन डायोड मारले, तेव्हा ती थोडी कमी झाली.

* * *

तुम्ही म्हणाल, तयार मिळतो की तो लेझर. आणला होता. त्याचा अडॅप्टर देवबागात आठवडाभर टिकला. मेस्त्रींनी त्यावरून एक अट घातली, "आमच्या गावच्या लायटीर चलता तर हाड. नायतर हाडू नको." हाडणं म्हणजे आणणं.

देवबागची लाइट म्हणजे काय, ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी, मधे वाळूची लांबलचक पट्टी. तार त्या पट्टीवरून जाते आणि बस्त्यावच्या घराशी संपते. मधल्या प्रत्येक घरात होमस्टे, प्रत्येक होमस्टेत एसी. मे महिन्यात बस्त्यावच्या घरी दोनशे तीसच्या जागी एकशे सत्तर व्होल्ट आले तर तो देवाचे आभार मानतो.

पहिला ड्रायव्हर त्याने स्वतः केला. ड्रायव्हर म्हणजे लेझरचा उजेड पाडणाऱ्या डायोडला हवा तेवढाच करंट देणारं सर्किट. त्याच्यात एक जुना ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर, एक रेझिस्टर आणि एक प्रीसेट एवढंच होतं. प्रीसेट म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर, त्याने करंट कमी-जास्त होतो. लॅबमध्ये रेघ झकास पडली. घरी नेली तर फिकट. त्याने प्रीसेट फिरवला. रेघ ठळक झाली. बस्त्याव खूश.

दुपारी चारला सगळ्या होमस्टेतले पाहुणे डॉल्फिन बघायला बोटींत बसले. वीस-पंचवीस एसी एकदम बंद. व्होल्टेज टुणकन वर. आणि डायोडने एकदा डोळा मोठा केला आणि कायमचा मिटला.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "बस्त्याव, नेमकं काय घडलं?"

"सर, टुरिस्ट डॉल्फिन बघूक गेले आणि माझो डायोड मेलो."

सरांनी ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये 'कारण' या रकान्यात डॉल्फिन असं लिहिलं. ऑडिटरने पुढे त्यावर प्रश्नचिन्ह काढलंय, ते अजून आहे.

* * *

मग सरांनी आम्हाला दोघांना बसवून फळ्यावर टाकी काढली. सर कशालाही टाकीच काढतात.

"आपण पाहूया. टाकी माडावर नेऊन ठेवली, म्हणजे व्होल्टेज जास्त. पाइपला एक बारीक भोक ठेवलं, म्हणजे रेझिस्टर. टाकी जेवढी वर, तेवढं पाणी जोरात. भोकाला काही अक्कल नसते. तुम्ही टाकी खाली असताना भोक मोठं करून ठेवता, आणि मग टाकी वर जाते. तथापि डायोडला फक्त वाटीभर पाणी सोसतं."

"आणि बादलीभर इला तर?" बस्त्यावने विचारलं.

सरांनी बरणीकडे बोट दाखवलं. तेव्हा तिच्यात चार होते.

* * *

बॅटरीची कल्पना माझी. ती मी मान्य करते, कारण नाही केली तर बस्त्याव सांगणारच.

मी म्हटलं, गावची लाइट नको, नानांच्या जुन्या बोटीत बारा व्होल्टची बॅटरी आहे, तिच्यावर सेट कर. बारा म्हणजे बारा. मेस्त्रींना तूर्तास सांगू नकोस. बस्त्यावने खाडीत उभ्या असलेल्या बोटीत बसून प्रीसेट जुळवला, समोरच्या बोटीवर रेघ पाडली, मला फोनवर म्हणाला, "मॅडम, येकदम सुतात!"

तेवढ्यात नाना आले. त्यांनी बघितलं, पोरगं कधीचं बॅटरी वापरतंय. त्यांना काळजी वाटली. त्यांनी इंजिन चालू केलं. इंजिन चालू झालं की बॅटरी चार्ज व्हायला लागते, आणि बाराचे सव्वाचौदा होतात. मला फोनवर आधी इंजिनाचा आवाज आला, मग बस्त्यावचा, आणि बस्त्याव जे बोलला ते त्याने रविवारी चर्चमध्ये कबूल केलं असावं.

नाना मात्र दुखावले. "तुझी बॅटरी उतरात म्हणान चालू केलंय रे. तुझ्याच भल्यासाठी." आणि बॅटरी काढून घरी घेऊन गेले. मेस्त्रींना ते कळलं तेव्हा ते फक्त म्हणाले, "गावची लायट सांगितललंय मी."

* * *

आता एक किस्सा बस्त्यावचा नाही, पण तो इथे सांगायलाच हवा.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. दुसऱ्या वर्षाला एक प्रॅक्टिकल असतं: सप्लाय व्होल्टेज पाचपासून बारापर्यंत वाढवत न्या, डायोडचा करंट मोजा, वहीत लिहा, ग्राफ काढा. दोडामार्गची एक मुलगी, हुशार, पण त्या दिवशी तिची बस चुकली होती. तिने उशिरा येऊन कोणाची तरी जुनी वही उतरवली. ती वही होती दुसऱ्याच सर्किटची. त्यामुळे हिच्या रकान्यात पाच व्होल्टला तीस मिलिअँपियर, सहाला तीस, सातला तीस, बारालाही तीस.

सरांनी वही बघितली. मग बेंचवर लावलेला तो साधा रेझिस्टर बघितला. मग मुलीला बघितलं.

"तुला हे दिसलं?"

"नाही सर."

"मग लिहिलंस का?"

सरांनी लाल पेनने सगळा रकाना खोडला आणि वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "जे दिसतं तेच लिहायचं. मीटर अकरा दाखवतो तर अकरा. शून्य दाखवतो तर शून्य. न दिसलेलं लिहिणारा माणूस एक वेळ मंत्री होईल, इंजिनिअर होणार नाही."

सर मनापासून बोलत होते. तीस वर्षांत त्यांनी स्वतःचं एकही रीडिंग राउंड केलेलं नाही, एकोणतीस पूर्णांक आठला ते कधी तीस म्हणाले नाहीत. त्या मुलीला सगळं परत करावं लागलं. तिने केलंही, आणि उत्तम केलं.

* * *

देवबागचा हिशोब पावसात उलटा होतो. पाहुणे जातात, होमस्टे बंद, एसी बंद, आणि मे महिन्यात जीव नसलेला व्होल्टेज जुलैत अडीचशेच्या वर. बस्त्यावने मे महिन्यात प्रीसेट लावून जपून ठेवलेला डायोड पावसात पहिल्यांदा लावला, त्या क्षणी बरणीत गेला.

सर म्हणाले, "लॅबचा स्टॅबिलायझर घेऊन जा." स्टॅबिलायझर लावला की आत काहीही येवो, बाहेर दोनशे तीस. बस्त्याव तो आठ किलोचा डबा मांडीवर घेऊन बसने घरी गेला. सकाळी परत आला तो हातात मेलेला डायोड घेऊन.

"स्टॅबिलायझर लावला नव्हता का?" मी विचारलं.

"लावललो. पण रिटान फ्रिजाक लावलो."

रिटा त्याची बायको. तिचं म्हणणं मला तरी पटलं. मासेमारी बंद होण्याआधी तिने फ्रिज सुरमईने भरून ठेवला होता, पावसाळाभराची सोय. वाढलेल्या व्होल्टेजने फ्रिज गेला असता तर घराने दोन महिने डाळभात खाल्ला असता. बस्त्याव लेझरविषयी बोलायला लागला तेव्हा तिने त्याच्या तळहातावरचा तो मुगाएवढा डायोड उचलला, उलटसुलट केला आणि विचारलं, "ह्यो कालवणात घालूक येता?"

स्टॅबिलायझर अजून देवबागलाच आहे. आमच्याकडे अधूनमधून सुरमई येते, त्यामुळे सर विषय काढत नाहीत.

* * *

नारळी पौर्णिमा, म्हणजे नानांची बोट पाण्यात उतरायचा दिवस, तीन आठवड्यांवर आली आणि एक दिवस स्वतः पास्कू मेस्त्री कॉलेजात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चर्चला घालतात तो. दाराची चौकट चाचपली, "सागवान न्हय," म्हणाले, आणि आत आले.

"बस गो बाय," असं त्यांनी मलाच माझ्या लॅबमध्ये सांगितलं, आणि स्टुलावर बसले. "दाखय रे तुझा यंत्र."

बस्त्यावने दाखवलं. म्हातारबुवांनी सप्लायचं बटण कुठे आहे ते विचारलं, त्यावर हात ठेवला आणि सावकाश फिरवायला लागले. मीटर त्यांना दिसत नव्हता, म्हणून विचारत होते.

"करंट हलता काय?"

"हलता, पप्पा."

आणखी फिरवलं. "आता?"

"आता जास्त हलता. पप्पा, बस. मरात तो."

त्यांनी बटणावरचा हात काढला. मग म्हणाले, "होडयेत उभ्या रवलेल्या माणसाक बघितलंस मा? होडी वर जाता, खाली जाता, तो आसा थयच. कित्याक? तो गुडघ्यात वाकता, परत सरळ होता. तुझ्या यंत्राक गुडघे खंय आसत?"

सर कोपऱ्यात पेपर तपासत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. एम.टेक.ला दोन वर्षं घालवलेला माणूस एका सुताराकडे तोंड उघडं टाकून बघत होता. मग उठले, फळ्यावरची टाकी पुसली आणि सर्किट काढलं. एक ट्रान्झिस्टर, आणि त्याच्यावर नजर ठेवणारी एक चिप. करंट जरा वाढला की ट्रान्झिस्टर आवळायचा, कमी झाला की सैल सोडायचा. सप्लाय नाचेना का, डायोडला मिळणार तेवढाच. किती, ते मात्र प्रीसेटनेच एकदा ठरवायचं.

खरं म्हणजे हे सर्किट पुस्तकात आहे. सर दर वर्षी शिकवतात. पण बस्त्यावने रेझिस्टर लावला तो लावला, आणि आम्हीही सगळे त्या प्रीसेटच्याच मागे लागलो होतो. लाजेची गोष्ट आहे, पण सांगून टाकलेली बरी.

मेस्त्री जाताना सरांना म्हणाले, "गुडघे घाला मास्तर. मगे परत इचारीन, करंट हलता काय म्हणान."

* * *

गुडघे घातले. शनिवारी सकाळी सर्किट तयार झालं आणि सरांनी स्वतः सप्लाय वाढवायला घेतला. नऊ व्होल्ट, तीस मिलिअँपियर. बारा, तीस. पंधरा, तीस. सर लहान मुलासारखे झाले. "बघा. बघा. हलत नाही." अठरा. चोवीस. मीटरचा काटा खिळा मारल्यासारखा.

आता टाकी एवढी वर नेली आणि पाणी वाटीभरच द्यायचं, तर उरलेला जोर कोणीतरी अंगावर घ्यायलाच हवा. तो घेत होता ट्रान्झिस्टर, बिचारा, एवढ्याशा जागेत, आणि त्याला उष्णता पसरवणारं हीटसिंक लावायचं आम्ही विसरलो होतो.

सरांनी कौतुकाने त्याच्यावर बोट ठेवलं.

"आवशीक खाव!"

मी मेन स्विच बंद केला. सर बोट तोंडात घालून उभे. बस्त्यावने वाकून वहीतल्या शेवटच्या रीडिंगची खात्री केली आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "सर, करंट हलूक नाय. तुमीच हललात."

मग ॲल्युमिनियमचा चांगला तळहाताएवढा तुकडा लावला. खालच्या बाजूलाही करून बघितलं: पाच व्होल्टपर्यंत काटा तीसवर घट्ट. त्याच्या खाली मात्र ढासळत गेला. सर बोटाला बँडेज लावून म्हणाले, "टाकीच तोटीच्या खाली गेली तर तोटी काय करणार? तथापि एवढं कमी देवबागलाही होत नाही."

* * *

शेवटचा किस्सा.

पौर्णिमा पाच दिवसांवर. नानांच्या बोटीला तांबडा प्रायमर लागलेला, बोट ठोकळ्यांवर लेव्हलमध्ये उभी, वर झापांचं छप्पर. आम्ही सकाळी दहाला पोचलो, मी आणि सर, सरांच्या स्कूटरवरून. नानांनी सांगून टाकलं, "तीन वाजता पेंटर येवचो आसा. तुमचा झाला तर तेका परत धाडतंय. नाय झाला तर माका बोल लावू नकात." मेस्त्रींनी मान हलवली. ते पेन्सिल तासत होते, कोयत्याने.

बस्त्यावने लेझर तिपाईवर बसवला. मी त्याच्याशेजारी. सर खोक्यावर बसले, गुडघ्यावर रीडिंगची वही, समोर मीटर. दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा, हे त्यांनीच ठरवलेलं. छपराच्या पंख्याचा वेग बघूनच कळत होतं की व्होल्टेज भरपूर आहे. हीटसिंक कोमट. बोटीच्या अंगावर पाठीपासून नाळीपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत, बारीक लाल रेघ.

मेस्त्री बोटीजवळ गेले. "करंट हलता काय?"

बस्त्यावने मीटर बघितला. "नाय, पप्पा."

"बरा." आणि त्यांनी पाठीकडून सुरुवात केली. डाव्या हाताचा अंगठा फळीवरून पुढे सरकायचा, मागून पेन्सिल. वीतभर अंतरावर एक खूण, मग पुढची. नाना खाली बसून पेन्सिलीबरोबर मान सरकवत होते.

अर्धी बोट झाली असेल. बाहेर वाऱ्याने मोठी झावळ पडल्याचा आवाज झाला, आणि लांबवर कोणीतरी ओरडलं, "गो, तारेर पडली!" पंख्याचा वेग उतरला. पाती मोजता यायला लागली. मी मीटरकडे बघितलं. तीस. चोवीस. अकरा. लाल रेघ विटली, आणि मग नव्हतीच. व्होल्टेज इतका खाली गेला होता की ड्रायव्हरने गुडघे टेकले.

मीटरवर शून्य. पाच मिनिटांची वाट न बघता सरांनी अकरा आणि शून्य दोन्ही वहीत टिपले.

बस्त्यावचा हात प्रीसेटकडे गेला. स्क्रू-ड्रायव्हर टोकाला लागलासुद्धा. मला पुढचं सगळं दिसलं: हा फिरवणार, झावळ निघणार, व्होल्टेज टुणकन वर, बरणीत बारावा, आणि तीन वाजता पेंटर. पण मी तोंड उघडायच्या आत त्यानेच हात मागे घेतला. स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला. मग वर बघितलं आणि तसाच राहिला.

मेस्त्री थांबलेच नव्हते.

अंगठा पुढे, पेन्सिल मागे. खूण. एक वीत. खूण. समोर रेघ नाही, नुसती तांबडी फळी, आणि म्हातारा त्याच गतीने नाळीकडे चाललेला. नाना उठले, काहीतरी बोलणार तोच सर दबक्या आवाजात म्हणाले, "वगी रव." काही जळालेलं नसताना सर मालवणीत बोललेले मी पहिल्यांदा ऐकले.

नाळीपाशी मेस्त्रींनी शेवटची खूण केली आणि पेन्सिल कानावर ठेवली. पुढे मिनिटभराने बाहेर झावळ निघाली. पंखा गरगरला. मीटर तीसवर येऊन थांबला, आणि बोटीच्या अंगावर लाल रेघ परत पडली.

प्रत्येक खुणेवरून जात होती. पहिल्या अर्ध्या बोटीतल्या, आणि दुसऱ्या अर्ध्या बोटीतल्याही.

नाना वाकून पाठीपासून नाळीपर्यंत चालत गेले आणि तसेच वाकून परत आले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि बाहेर जाऊन पेंटरला सांगितलं की आज येऊ नकोस, उद्याही नको.

मेस्त्री रुमालाने हात पुसत लेझरकडे आले. चाचपून त्याच्यावर हात ठेवला, घोड्याच्या पाठीवर ठेवावा तसा. "बरी लायन पडता रे तुझी. शेवटपर्यंत ठळक होती. सांजेक वायच जेटीर जावन येतंय." मग विचारलं, "करंट हललो काय रे?"

बस्त्यावने मीटरकडे बघितलंही नाही. तो वडिलांकडे बघत होता.

"नाय, पप्पा. हलूक नाय."

सरांनी वही उघडली. अकरा आणि शून्य हे दोन आकडे नीट खोडले, आणि दोन्हीच्या जागी तीस लिहिलं.